एका महिन्याचे दोघे

मानोल अंगणात आला की त्रेंदाफिलाला आधी त्याचा उजवा पाय ऐकू यायचा आणि मग डावा. उजवा नीट पडायचा. डावा मागून फरफटत यायचा, घोट्याला काहीतरी बांधलेले असावे आणि ते त्याला प्रत्येक पावलाला उचलून आणावे लागत असावे, तसा. जुलैपासून हे असेच चालले होते. पायाला जखम नव्हती, सूज नव्हती. श्टिप शहराहून आलेल्या लष्करी डॉक्टरने गुडघ्यावर ठोकून पाहिले, जीभ बघितली, भातखाचरांचा ताप आहे म्हणून कडू पांढरी पूड दिली आणि तो पुढच्या घरी गेला. पुडीने ताप आटोक्यात येई. पाय होता तसाच राही.

वर्बित्सा गावात पायाचे कारण सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कोणी ते बोलून दाखवत नसे. झाफिर आणि मानोल हे त्रेंदाफिलाचे, म्हणजे त्रेंदाचे, दोन मुलगे तीन वर्षांच्या अंतराने, पण एकाच महिन्यात, संत दिमित्रीच्या, म्हणजे ऑक्टोबर महिन्यात जन्मलेले. अशांना एकमासे म्हणत. एकमाशांचे आयुष्य एकाच दोरात वळलेले असते. एक गेला की तो दुसऱ्याला ओढतो. त्यावरचा उपायही तितकाच जुना होता. मेलेल्याला मातीत ठेवण्याआधी त्याचा एक पाय आणि जिवंताचा एक पाय घोड्याच्या लोखंडी बेडीत अडकवायचा, आणि घराबाहेरच्या कोणीतरी किल्ली फिरवून जिवंताला मोकळे करायचे. मोकळे करणारा त्या क्षणापासून त्याचा भाऊ. भावाची जागा भरली की मेलेला मुकाट्याने आपल्या वाटेने जातो.

झाफिरच्या वेळी हे सगळे यथासांग झाले होते. तरीही पाय ओढतच होता.

गेल्या वर्षीच्या शरदात चार शेजारी राज्यांनी एकी करून सुलतानाला मॅसिडोनियातून हुसकावून लावले होते. चर्चच्या घंटा इतक्या वाजल्या की एकीला चीर गेली. उन्हाळा येईपर्यंत तीच राज्ये मिळालेल्या मुलखावरून एकमेकांच्या नरड्याला लागली. गावची सुईण म्हातारी डोन्का म्हणायची, "म्हातारा अजून खाटेवर धुगधुगतोय, आणि भाऊबंद त्याच्या गोधडीवरून भांडतायत." वर्बित्सा आधी बल्गार सैन्याकडे आले, मग सर्ब सैन्याकडे. प्रत्येक जण शाळेतला मास्तर बदलायचा, आणि तुम्ही मुळात आमचेच होता असे गावाला समजावून सांगायचा. गाव मान हलवायचे.

झाफिरला वसंतात बल्गार सैन्याने नेले. जुलैत ब्रेगाल्नित्सा नदीच्या काठाने, पाणी भरलेल्या भातखाचरांतून लढाई झाली. तोफा थांबल्यावर बायका आपापली माणसे शोधायला नदीवर उतरल्या. त्या दिवसांबद्दल त्या एकमेकींशीही बोलत नसत. भात पोटरीला आलेला होता, पाणी गुडघाभर होते, ऊन मी म्हणत होते. माणसे चेहऱ्यावरून ओळखण्याच्या पलीकडे गेली होती. बायका पाय बघत होत्या. त्या खोऱ्यात प्रत्येक घरचे मोजे त्या घरच्या बाईच्या हातचे असत, आणि आपल्या हातचा टाका बाई अंधारातही ओळखते.

त्रेंदाने एका बांधाजवळ आपला टाका ओळखला. काळ्या लोकरीवर तांबडी मेंढ्याची शिंगे, घोट्यापासून थेट पोटरीपर्यंत. लग्नकार्यात पाहुण्यांना द्यायच्या मोज्यांना ती ही नक्षी फक्त काठापुरती घाली. पूर्ण नक्षी घरच्या माणसांसाठी. उंची झाफिरचीच होती. खांदे झाफिरचेच वाटले. रोगराईच्या भीतीने प्रेते धुऊ नका, उघडू नका, असा सर्ब अधिकाऱ्यांचा हुकूम होता आणि पाद्रीबाबांनीही तेच सांगितले. डोन्काने आणलेल्या चादरीत तिने त्याला तिथेच गुंडाळले आणि चादर शिवून टाकली. पाय तेवढे बाहेर ठेवले, बेडीसाठी, आणि त्याला घरी अंगणात आणले.

किल्ली फिरवायला गावात पुरुष उरला नव्हता. तिच्या घरी उतरलेल्या सर्ब तुकडीतला एक पिकल्या मिशांचा शिपाई अंगणात दाढी करत होता. चादर, बेडी आणि तिथे खाली बसलेला मानोल पाहून त्याने वस्तरा पुसून ठेवला. त्याच्या गावीही हीच रीत होती. तो काही न विचारता आला, किल्ली फिरवली, मानोलच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाला, देवाच्या साक्षीने आजपासून तू माझा भाऊ. त्रेंदाने त्याला मोज्यांची जोडी दिली. दुसऱ्या दिवशी त्याची तुकडी पुढे निघून गेली. झाफिर गेला तो ज्यांच्या गोळीने, त्यांच्यातलाच हा एक, हे तिला ठाऊक होते. त्याचा तिला राग आला नाही, आणि राग आला नाही याची तिला मागाहून भीती वाटली.

मग मानोलचा पाय ओढू लागला.

"कच्चं झालं ते सोडवणं," डोन्का म्हणाली. "मेलेला असा उगीच ओढत नसतो. त्याचं काहीतरी राहिलंय."

काय राहिले असेल याचा त्रेंदाने खूप विचार केला. कबरीवर तिने तंबाखू ठेवली, प्लमची दारू शिंपडली, दर शनिवारी अक्रोड घालून उकडलेले गहू नेले. मानोलचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. तापात तो दुपारी डोळे मिटून पडायचा आणि अचानक मान वळवून अंगणातल्या भिंतीकडे पाहायचा.

"आई, पलीकडून कुणीतरी हाक मारतंय."

"झाफिर?"

"माहीत नाही. नाव घेत नाही. नुसतं 'ए' म्हणतो. ओळखीच्या माणसाला म्हणावं तसं."

भिंतीपलीकडे कोणी नव्हते. तिथून तुर्कांची आळी सुरू व्हायची. गेल्या शरदात ती एका संध्याकाळी रिकामी झाली आणि दुसऱ्या दिवशी जळली. भिंतीला लागून झेकियेचे घर होते, आणि भिंतीत, कोंबडीही वाकून जाईल इतके बुटके, एक छोटे दार होते. तीस वर्षे त्या दारातून दोन्ही घरच्या बायका रस्त्यावर न उतरता ये-जा करत आल्या होत्या. विरजण, चाळण, तान्ही मुले, भांडणे, सगळे त्यातूनच गेले. आग विझल्यावर मानोलने त्याला आडव्या फळ्या ठोकल्या. आग लागली त्या रात्री झाफिर धुराच्या वासाने भरलेला घरी आला होता आणि त्याच्या खांद्यावर घोड्याची बेडी होती. घोडी पळाली, बेडी सापडली, म्हणून तो हसला होता. त्रेंदाने ती बेडी चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि काही विचारले नाही.

दिमित्रीच्या सणाच्या आधी, पितरांचा शनिवार जवळ आलेला असताना, एका सकाळी त्या फळ्यांवर पलीकडून टकटक झाली.

मानोल खाटेवर उठून बसला. त्रेंदाच्या हातातली मिरच्यांची माळ खाली पडली. दुसऱ्यांदा टकटक झाली, आणि मग एक घोगरा, थकलेला आवाज आला. "अगं त्रेंदा, दार का लावलंयस? बोके शिरतात होय?"

ती रस्त्याने धावत वळसा घालून पलीकडे गेली. जळक्या तुळयांच्या मधोमध झेकिये उभी होती. एका वर्षात ती निम्मी झाली होती. पाठीवर गाठोडे, पायात पुरुषी बूट, एकाला नाडी आणि एकाला सुतळी. आपण मिठी मारावी की नाही हे दोघींनाही कळेना. शेवटी झेकियेने गाठोडे तिच्या हातात दिले, आणि तेवढ्याने काम भागले.

चुलीपाशी बसून तिने सांगितले ते असे. श्टिपच्या मशिदीच्या आवारात ते सगळे हिवाळाभर राहिले. नवरा तिथेच गेला. धाकटा मुलगा इद्रिझ वसंतात म्हणाला की आपली गाडी आहे, बैल आहेत, गावी जाऊन शेताचे काय झाले ते बघून येतो. वाटेत बल्गार सैन्याने गाडीसकट त्याला धरले आणि दारूगोळा वाहायला लावले. लढाईच्या आदल्या दिवशी एका गाडीवानाने त्याला नदीच्या या बाजूला पाहिले होते. त्यानंतर कोणी पाहिले नाही. त्याला शोधायला ती चालत आली होती.

बोलता बोलता तिची नजर खिळ्यावर गेली.

"ही आमच्या घोडीची," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता. हरवलेली वाटी शेजाऱ्याच्या फळीवर दिसावी, तसे ती म्हणाली. त्रेंदाने खाली पाहिले. झेकियेनेही पुढे काही विचारले नाही. ती पुढे वाकली आणि त्रेंदाच्या मांडीवरचे अर्धवट विणकाम तिने दोन बोटांनी उचलले.

"हीच नक्षी," ती म्हणाली. "निघताना म्हणाला, चिखलातून जायचंय, जाड मोजे काढ. मी तूच दिलेले काढून दिले. तुझ्या लेकीच्या, कोस्तादिन्काच्या लग्नातले. जपून ठेवले होते पोरानं."

"पाहुण्यांना मी काठाचेच दिले होते," त्रेंदा म्हणाली.

"हो ना. पण त्याला पोटरीपर्यंतचे मिळाले. दिवसभर झऱ्यावरनं पाणी आणलं म्हणून. घरी येऊन केवढं मिरवलं त्यानं! म्हणाला, मला घरचे दिलेत."

तेव्हा त्रेंदाला ते आठवले. चार वर्षांपूर्वीचे अंगण, वाजंत्री, बाया मोजे वाटत होत्या आणि सर्वांत शेवटी खांद्यावर कावड घेऊन इद्रिझ दारात आला. एक जोडी कमी पडली होती. पोराला रिकाम्या हाताने कसे पाठवायचे म्हणून ती आत गेली आणि झाफिरच्या पेटीतून वरची जोडी काढून घेऊन आली. त्याची कोणी नोंद घेतली नव्हती, तिनेही नाही. इतकी लहान गोष्ट होती.

"नक्षीचं काय," तिने स्वतःला म्हणताना ऐकले. "साऱ्या खोऱ्यात हीच नक्षी घालतात."

झेकियेने मान हलवली आणि विणकाम परत तिच्या मांडीवर ठेवले. आमच्याकडेच राहा असे त्रेंदाने दोनदा म्हटले, पण ती राहिली नाही. तिच्या घराच्या भट्टीची खोली अर्ध्या छपरासकट उभी होती. तिथे तिने गाठोडे टाकले.

पुढचे दिवस त्रेंदाला ती रोज दिसायची. कापणी होऊन उघड्या पडलेल्या खाचरांतून, बांधाबांधाने, हातात काठी घेऊन ती नदीकडे जायची. मेंढपाळांना थांबवायची. काठीने गवत बाजूला सारायची. संध्याकाळी परत यायची आणि भिंतीपलीकडून विचारायची, मानोलचा ताप कसा आहे? त्रेंदा सांगायची, बरा आहे. भिंत होती, म्हणून एकमेकींचे तोंड दिसत नव्हते.

त्रेंदा स्वतःशी हिशेब मांडत होती आणि तो कुठल्याही बाजूने जुळत नव्हता. गप्प राहिले, तर झाफिरला कबर होती, क्रूस होता, त्याच्या डोक्याशी बसायला जागा होती. पण मग मानोल एका परक्या मेलेल्याशी बांधलेला होता, आणि परक्याला झाफिर म्हणून कितीही हाका मारल्या, कितीही गहू वाढले, तरी तो कसा सोडणार? बोलले, तर मानोल कदाचित सुटेल. पण झाफिर कुठे? नदीत? त्याच खाचरांत, दुसऱ्या कुणाच्या चादरीत? की सैन्याबरोबर डोंगर ओलांडून नव्या सरहद्दीपलीकडे गेला आणि जिवंत आहे? जिवंत आहे असे म्हणायला जीभ उचलत नव्हती. तो जिवंत असेल, तर जिवंत मुलाच्या नावाने तिने कबर बांधली होती, त्याच्यासाठी पितरांचे गहू शिजवले होते.

आणि एक गोष्ट होती, जी ती कुठल्याच बाजूला मांडत नव्हती. चादर शिवताना छातीपाशी, काखेजवळ, तिच्या बोटांना काहीतरी कडक, तिकोनी लागले होते. झाफिर असले काही घालत नसे. उघडू नका असा हुकूम होता, म्हणून तिने उघडले नाही. हुकूम नसता, तर उघडले असते का?

शनिवारी दफनभूमी बायकांनी भरली. प्रत्येक कबरीवर ताट, प्रत्येक ताटात गहू, मेणबत्ती. पाद्रीबाबा कबरीकबरीशी थांबून नाव विचारत आणि प्रार्थना म्हणत. मानोल पाय ओढत तिच्यामागे आला होता. क्रूसाजवळ पोहोचताच त्याला हुडहुडी भरली आणि तो कबरीच्या कडेला बसला. बसला तो असा, की डावा पाय मातीला टेकलेला, जुलैत बेडी घालताना बसला होता तसाच.

"नाव सांग, त्रेंदाफिला," पाद्रीबाबा म्हणाले.

तिने तोंड उघडले. आजूबाजूच्या बायका थांबल्या. मेणबत्तीचे मेण तिच्या बोटांवर ओघळून थिजले, तरी तिच्या तोंडून नाव निघाले नाही. पाद्रीबाबांनी थोडी वाट पाहिली, हळूच हवेत क्रूसाची खूण केली आणि ते पुढच्या कबरीकडे वळले.

घरी आल्यावर तिने पक्कड घेतली आणि भिंतीतल्या दाराच्या फळ्या काढू लागली. खिळे गंजले होते. पहिली फळी निघाली तेव्हा पलीकडे झेकिये येऊन वाकली. फटीतून तिची फक्त हनुवटी दिसत होती.

"इद्रिझच्या काखेत काय असायचं?" त्रेंदाने विचारले.

झेकियेने पलीकडून फळीला हात टेकला.

"ताईत," झेकिये म्हणाली. "चामड्यात शिवलेला. मीच बांधला होता."

"तिकोनी?"

त्रेंदाने उरलेल्या फळ्या काढल्या. दार उघडे झाले आणि दोघी दोन बाजूंना वाकून एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग त्रेंदाने सगळे सांगितले, क्रमाने, काही न वगळता. मोजे, बांध, चादर, बेडी, शिपाई. बोटांना लागलेले तेही सांगितले.

"किती दिवस झाले मी नदीवर जातेय," झेकिये म्हणाली. "तू माजघरातनं बघत होतीस. झोप येत होती ना बरी?"

त्रेंदाने निघालेले खिळे ओंजळीत गोळा केले.

"आणि गहू घालत होतीस त्याला? दर शनिवारी?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "गव्हाला शिवायचा नाही गं तो. नुसते अक्रोड वेचून खायचा."

कबर उघडायला लष्करी ठाण्याची परवानगी लागते, असे कोणीतरी म्हणाले. "कुठल्या ठाण्याची?" डोन्काने विचारले. "आत्ताच्या राजाच्या, की नाताळात येईल त्याच्या?" पाद्रीबाबांनी निरोप पाठवला की सोमवारी सकाळी त्यांना डोंगराकडच्या वस्तीत बाप्तिस्म्याला जायचे आहे आणि दफनभूमीचे फाटक उघडेच राहील. त्या वस्तीत बाप्तिस्मा करण्याजोगे मूल नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते.

सोमवारी धुके नदीवरून वर चढत असताना चौघांनी माती काढली. तीन म्हाताऱ्या बायका आणि मानोल. चादर वर आली. झेकियेने शिवण स्वतःच्या दातांनी तोडली, हाताला लागेल तेवढीच, आणि आत हात घातला. हात ताइतापाशी थांबला. तिने तो बाहेर काढला नाही, रडलीही नाही. एका गुडघ्यावर बसून राहिली आणि हळूहळू तिचे कपाळ चादरीला टेकले.

"भिजला नाहीस," ती आत कुणाला तरी म्हणाली. "कोरड्यात होतास. बरं झालं."

तुर्कांची दफनभूमी गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथली रीत अशी की मेलेल्याला पुरुषांनी खांद्यावर न्यायचे. पण त्यांच्यातला एकही पुरुष गावात नव्हता. मानोलने पुढची बाजू खांद्यावर घेतली. मागची तिघींनी मिळून. जळक्या आळीतून ते गेले तेव्हा त्याचा डावा पाय राखेत एक लांब रेघ ओढत चालला होता आणि त्रेंदा त्या रेघेवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत होती.

आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यापाशी पोहोचल्यावर झेकियेने मानोलला जवळ बोलावले आणि त्याच्या पायाकडे पाहिले. तीस वर्षे ती या भिंतीला लागून राहिली होती. एकमाशांची रीत तिला सांगावी लागली नाही.

"बेडी आणलीस?" तिने त्रेंदाला विचारले.

त्रेंदाने ती ओढणीखाली आणली होती. देण्याचे तिला धैर्य झाले नव्हते.

मानोल जमिनीवर बसला. चादरीतून बाहेर आलेल्या काळ्या-तांबड्या मोज्यावर एक कडे, त्याच्या घोट्यावर दुसरे. किल्ली झेकियेने घेतली. तिच्या घोडीची बेडी, तिलाच कुलपाची खोड ठाऊक; किल्ली थोडी वर उचलून फिरवावी लागायची. पण फिरवण्याआधी ती चादरीवर वाकली, आणि झोपेतल्या मुलाला दुसऱ्याचे खेळणे परत द्यायला सांगावे अशा आवाजात म्हणाली, "इद्रिझ, सोड त्याला. तो आपला नाही. त्याची आई इथे उभी आहे."

कुलूप उघडले. मानोलने पाय काढून घेतला आणि दोन्ही हातांनी घोटा धरून बसला. झेकियेने त्याच्या दोन्ही गालांना हात लावला. तिला येत होती तेवढी प्रार्थना तिने म्हटली, आणि मग त्यांनी इद्रिझला उजव्या कुशीवर ठेवले.

परत आल्यावर झाफिरच्या क्रूसाखाली रिकामा खड्डा वाट पाहत होता. उघडी कबर सूर्यास्तापर्यंत ठेवत नाहीत; ती कुणाला तरी मागते. डोन्काने फावडे उचलले आणि त्रेंदाकडे पाहिले. बुजवला, तर कबर झाफिरचीच राहणार, मेलेल्या झाफिरची. न बुजवावा, तर समोर मानोल उभा होता. त्रेंदाने खड्ड्यात बेडी टाकली, उघडी, किल्लीसकट. मग क्रूस दोन्ही हातांनी उपटला, तोही आत आडवा ठेवला आणि फावडे घेऊन माती ओढली. वर खूण ठेवली नाही. वसंतात पाद्रीबाबांनी विचारले की झाफिरचे नाव जिवंतांत घेऊ की पितरांत, तेव्हा तिने सांगितले, दोन्हीकडे नको. मी माझ्यापाशी घेते.

हिवाळा झेकियेने त्रेंदाच्या घरी काढला. भिंतीतले दार उघडेच राहिले; त्यातून आता फक्त बोके येत, आणि झेकिये त्यांना नावे ठेवी. मानोलचा ताप जानेवारीत गेला. पाय हळूहळू उचलू लागला. कुणाला वाटले बेडीने, कुणाला वाटले कडू पुडीने. डोन्का म्हणायची दोन्ही, आणि तिने पाठवलेल्या सुपानेही. ईस्टरपर्यंत तो नीट चालू लागला.

आता संध्याकाळी तो शेतावरून परत येतो तेव्हा अंगणात दोन्ही पाय सारखे पडतात, जड, सावकाश, टाच आधी टेकत. झाफिर असाच चालायचा. त्रेंदा चुलीपाशी असते. तो आवाज फाटकातून आत आला की तिच्या हातातल्या सुया थांबतात आणि ती मान वर करत नाही, कारण मान वर केली की दारात मानोल असतो. झेकियेला हे माहीत आहे. तीही तेवढा वेळ काही बोलत नाही. मग दार उघडते, गार वारा आत येतो, आणि झेकिये म्हणते, "ये रे, बूट काढ आधी," आणि त्रेंदा पुढचा टाका घालते.